तुमचे घर कुठे? इंग्रजीच्या तासाला वस्ती आणि ब्लॉक



परगावचा एखादा पाहुणा एस. टी. मधून उतरतो आणि आपल्याला विचारतो, "पाटलांचं घर कुठं हो?" अशा वेळी आपण काय सांगतो? "असं सरळ जा. पार लागेल. पाराच्या डाव्या अंगाला वळा. चावडी मागं टाकली की पिठाची गिरणी दिसेल. गिरणीच्या उगवतीला दोन घरं सोडून तिसरं." एवढे सांगूनही आपले समाधान होत नाही. वर म्हणतो, "चला, मीच येतो दाखवायला."

या साध्या बोलण्यात किती गोष्टी आल्या पाहा. कुठून निघायचे ते आले, कुठे वळायचे ते आले, वाटेतल्या खुणा आल्या, दिशा आली आणि शेवटी मोजणीही आली. आपल्याकडे हे सारे सात-आठ वर्षांच्या पोरालाही येते. मग तेच पोर सहावी-सातवीत गेल्यावर इंग्रजीच्या तासाला "व्हेअर इज युवर हाऊस?" या प्रश्नापुढे मुके का होते? आज याच प्रश्नाचा थोडा विचार करू.

मागे एका तालुक्याच्या गावी आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसण्याचा योग आला. गुरुजींनी एका मुलीला 'माय नेबरहुड' या विषयावर बोलायला सांगितले. मुलगी हुशार. उभी राहिली आणि धडाधड म्हणून गेली: आमच्या नेबरहुडमध्ये एक पार्क आहे, बेकरी आहे, सुपरमार्केट आहे, आणि माझे घर दुसऱ्या ब्लॉकमध्ये आहे. सगळे इंग्रजीत, एकही चूक नाही. तास संपत आल्यावर मी तिला मराठीत विचारले, "बाळ, तुझं घर कुठं गं?" ती म्हणाली, "मळ्यात. ओढ्याच्या पलीकडं, विहिरीजवळ." मी म्हटले, "हेच आता इंग्रजीत सांग बघू." मुलगी गप्प. तिला 'वेल' शब्द येत होता, 'निअर' येत होता, ओढ्याला काय म्हणतात तेही ठाऊक होते. पण आपल्या मळ्याबद्दल इंग्रजीत बोलायचे असते, हेच तिला कुणी कधी सांगितले नव्हते. इंग्रजी म्हणजे पार्क आणि बेकरी असलेल्या कुठल्यातरी दुसऱ्या गावाची भाषा, असे तिच्या मनाने घेतले होते.

महाराष्ट्रात सन २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे आठवीतल्या मुलाच्या कानावर ती भाषा सात वर्षे पडत आलेली असते. एवढ्या काळात त्याला आपल्या घराची वाट सांगता येऊ नये, हे काही बरे नाही. म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे की, आधी आपली वस्ती आणि मग परक्यांचा ब्लॉक. हा क्रम उलटा झाला की मुले पाठांतर करतात, बोलत नाहीत.

पण ब्लॉक शिकवायचाच नाही असे मात्र नव्हे. तो शब्द पुस्तकात येतो, सिनेमात येतो, आणि कुणाचा मुलगा किंवा सून अमेरिकेत असेल तर फोनवरही ऐकू येतो. तेव्हा हा ब्लॉक म्हणजे काय ते नीट समजून घेऊ.

गंमत अशी की, हा शब्द आपल्या मराठीत आधीच येऊन बसला आहे आणि तोही अनेक अर्थांनी. मुंबईकर पूर्वी म्हणायचा, "चाळ सोडली, आता ब्लॉकमध्ये राहतो." तिथे ब्लॉक म्हणजे स्वतंत्र मोरी-संडास असलेली जागा. खेड्यात हा शब्द आला तो २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या समाजविकास योजनेबरोबर. तिथे ब्लॉक म्हणजे काही गावांचा गट. आपले गटविकास अधिकारी ते हेच, बी. डी. ओ. साहेब. छापखान्यात ब्लॉक म्हणजे चित्राचा ठसा. अंगणात बसवतात तेही ब्लॉकच. आणि रविवारी मुंबईची लोकल खोळंबते ती मेगाब्लॉकमुळे. एवढे अर्थ डोक्यात घेऊन बसलेल्या मुलाला आपण म्हणतो, "गो टू ब्लॉक्स अँड टर्न लेफ्ट." त्याने बिचाऱ्याने काय समजावे?

अमेरिकेतल्या इंग्रजीत ब्लॉकचा मूळ अर्थ साधा आहे. चारी बाजूंनी रस्ते आणि मध्ये घरांचा एक चौकोन, तो ब्लॉक. त्यावरून दुसरा अर्थ निघाला. अशा चौकोनाच्या एका कडेने, एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंत जेवढे चालावे लागते, तेवढे अंतर म्हणजेही एक ब्लॉक. आणि तिसरा अर्थ माणसांचा. 'आमच्या ब्लॉकवरची मुले' म्हणजे आपण ज्यांना 'आमच्या आळीतली पोरं' म्हणतो ती. नेबरहुड त्याहून मोठे. ती आपली पेठ किंवा मोहल्ला समजा. ब्लॉकची हद्द रस्त्यांनी ठरते. नेबरहुडची हद्द बहुतेक वेळा लोकांच्या मनात असते.

हे चौकोन आले कुठून? युरोपातून गेलेल्या लोकांनी अमेरिकेत पुष्कळ शहरे कागदावर आधी आखली आणि जमिनीवर मागाहून वसवली. फिलाडेल्फिया शहराची अशी सरळ रस्त्यांची आखणी विल्यम पेन यांच्या योजनेप्रमाणे १६८२ च्या सुमारास झाली. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटासाठी १८११ मध्ये सरकारने नेमलेल्या आयुक्तांनी मोठा आराखडा दिला. उभे रस्ते त्या 'ॲव्हेन्यू' आणि आडवे रस्ते ते 'स्ट्रीट'. आडव्या रस्त्यांना नावांऐवजी पहिला, दुसरा, तिसरा असे थेट एकशे पंचावन्नपर्यंत क्रमांक. असे का केले? आयुक्तांचे म्हणणे सरळ होते: काटकोनातली, सरळ भिंतींची घरे बांधायला स्वस्त आणि राहायला सोयीची. शिवाय चौकोनी जमिनीचे तुकडे पाडून विकणेही सोपे जाते. अशा शहरात मोजणी आपोआप होते. विसाव्या स्ट्रीटवरून तिसाव्या स्ट्रीटवर जायचे म्हणजे दहा ब्लॉक. पार नको, पिंपळ नको, नुसती वजाबाकी पुरे.

मात्र ब्लॉक हे ठराविक माप आहे असे मुलांना कधीही सांगू नका. मॅनहॅटनमध्ये दक्षिणोत्तर चालले तर साधारण वीस ब्लॉकांचा एक मैल होतो. तिथेच पूर्व-पश्चिम चालू लागलात तर ब्लॉक पुष्कळ लांब, काही ठिकाणी तिप्पट. शिकागो शहरात १९०९ मध्ये घरांचे क्रमांक नव्याने दिले. शहराच्या मध्यावरचा एक चौक शून्य धरला आणि दर मैलाला आठशे क्रमांक ठेवले. तिथे सर्वसाधारणपणे आठ ब्लॉकांचा मैल धरतात. म्हणजे 'दहा ब्लॉक' म्हटले तर न्यूयॉर्कात ते अर्धा मैल असू शकेल आणि शिकागोत सव्वा मैल. आपल्याकडे 'कोस' असाच होता की नाही? मुलुख बदलला की कोसही बदलायचा. 'हाकेच्या अंतरावर' म्हणतो तेव्हा आपण तरी कुठे टेप लावतो? ब्लॉक हा त्यातलाच प्रकार आहे असे सांगितले की मुलांना चटकन उमजते.

साऱ्या जगात ब्लॉकने मोजतात असेही नाही. लंडन जुने शहर. त्याचे रस्ते वाकडेतिकडे वाढलेले. तिथला माणूस ब्लॉक न मोजता वळणे आणि रस्ते सांगतो. ब्रिटिश इंग्रजीत 'ब्लॉक' म्हटले की बहुधा सदनिकांची मोठी इमारत डोळ्यांपुढे येते. आपल्या शाळांतले इंग्रजी मूळचे ब्रिटिश वळणाचे, म्हणून आपल्या पुस्तकात 'नेबर' या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये 'यू' असतो आणि अमेरिकन पुस्तकात तो गळतो. दोन्ही बरोबर आहे. एका वर्गात एकच धरा म्हणजे झाले.

जपानमध्ये तर तिसरीच तऱ्हा. तिथे बहुतेक रस्त्यांना नावेच नसतात. क्रमांक असतो तो घरांच्या चौकोनाला. पत्ता लिहिताना आधी मोठा भाग, मग ब्लॉकचा क्रमांक आणि मग घराचा. १९६२ च्या कायद्याने ही पद्धत तिथे पक्की करण्यात आली.

आणि आपल्याकडे? पुण्याच्या पेठांना वारांची नावे. सोमवार, मंगळवार, बुधवार, सगळे वार तिथे नांदतात. पण पेठेच्या आत शिरल्यावर खूण लागतेच. सोन्या मारुती, पत्र्या मारुती, जिलब्या मारुती ही नावे पुणेकराला पत्त्याच्याच जागी आहेत. उलट कोल्हापूरच्या राजारामपुरीत जा. तिथे पहिली गल्ली, दुसरी गल्ली, आठवी गल्ली अशी मोजणी आहे. राजारामपुरीतल्या मुलाला न्यूयॉर्कची रीत समजावून सांगायला पाच मिनिटेही लागणार नाहीत. म्हणजे क्रमांकाने सांगणे आणि खुणेने सांगणे या दोन रीती आहेत. एक सुधारलेली आणि दुसरी मागासलेली, असे मुळीच नाही. जसे गाव, तशी रीत.

आता शिक्षकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. मराठीतून इंग्रजीत वाट सांगताना आपली मुले ठराविक चार ठिकाणी अडखळतात. ती ठिकाणे आधीच ठाऊक असलेली बरी.

पहिले ठिकाण 'सोडून'. आपण म्हणतो, "दोन घरं सोडून." म्हणजे मधली दोन घरे वगळली आणि आपण तिसऱ्या घराशी आलो. इंग्रजीत 'टू डोअर्स अवे' म्हणजे दुसरे घर, मध्ये एकच घर. तसेच 'टू ब्लॉक्स अवे' म्हणजे दोन ब्लॉक चालून गेल्यावर. तिथे 'दोन सोडून तिसरा' हा हिशेब लावला की माणूस एक चौक पुढे जाऊन उभा राहतो. हा एकाचा फरक फळ्यावर घरे काढून दाखवा. तोंडी सांगून तो लक्षात राहत नाही.

दुसरे ठिकाण 'समोर'. आपले समोर दोन कामे करते. देवळासमोर रिक्षा उभी आहे, आणि देवळासमोर दुकान आहे. पहिल्यात रिक्षा देवळाच्या दाराशी, रस्त्याच्या याच बाजूला आहे. तिथे इंग्रजीत 'इन फ्रंट ऑफ' चालते. दुसऱ्यात दुकान रस्त्यापलीकडे आहे. तिथे 'ऑपोझिट' किंवा अमेरिकन बोलीत 'अक्रॉस फ्रॉम' म्हणावे. मध्ये रस्ता आहे का, एवढाच प्रश्न मुलाने स्वतःला विचारावा.

तिसरे ठिकाण 'मागच्या बाजूला'. आपल्याकडे पाट्यांवरसुद्धा 'बॅक साईड' असे लिहिलेले असते. पण इंग्रजीत 'बॅकसाइड' हा शब्द माणसाच्या बैठकीला वापरतात. ऐकणारा हसतो आणि मूल ओशाळते. 'बिहाइंड' हा साधा, स्वच्छ शब्द आहे, तोच शिकवा.

चौथे ठिकाण शब्दांचा क्रम. मराठीत आपण 'गिरणीच्या शेजारी' म्हणतो. नाव आधी आणि नाते मागून. इंग्रजीत उलट. 'नेक्स्ट टू' आधी आणि गिरणी मागून. शिवाय मराठीत 'शेजारी' म्हणजे माणूसही आणि जागाही. इंग्रजीत माणूस तो 'नेबर' आणि जागेसाठी 'नेक्स्ट टू'. हे वेगळे करून सांगितले नाही तर मुले 'माय हाऊस इज नेबर स्कूल' असे म्हणतात. त्यात त्यांचा दोष नाही. मराठीच्या हिशेबाने ती बरोबरच बोलत असतात.

मग हे शिकवायचे कसे? पाच दिवसांचे काम आहे आणि खर्च मूठभर चुन्याचा.

पहिल्या दिवशी इंग्रजी बाजूला ठेवा. मुलांना घेऊन गावातून एक फेरी मारा. परत आल्यावर शाळेच्या मैदानावर चुन्याने किंवा रांगोळीने गावाचा नकाशा काढायला लावा. उगवत कुठे, मावळत कुठे ते आधी ठरवा. घरांच्या जागी काड्यापेट्या ठेवा, देवळाच्या जागी वीट. प्रत्येक मुलाने आपले घर स्वतः ठेवायचे.

दुसऱ्या दिवशी फक्त आठ शब्द: नेक्स्ट टू, बिहाइंड, इन फ्रंट ऑफ, ऑपोझिट, बिटवीन, निअर, ऑन द कॉर्नर, ॲट द एंड ऑफ. मुलांनाच घरे करा. "गणू गिरणी झाला, सखू शाळा झाली. आता गणूच्या मागे कोण?" आठ शब्द अंगात मुरले की नववा द्या, आधी नको.

तिसऱ्या दिवशी चालायचे. एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने नकाशावरून चालायचे. गो स्ट्रेट. टर्न राइट. टेक द सेकंड लेफ्ट. इथे एक सूक्ष्म गोष्ट आहे बरं का. 'टेक द सेकंड लेफ्ट' म्हणजे डावीकडे जाणारा दुसरा रस्ता धरणे, दोनदा डावीकडे वळणे नव्हे. चुकीचे सांगितले तर चालणारा भलत्याच घरी पोचतो आणि सारा वर्ग हसतो. गुरुजींना लाल शाई वापरावी लागत नाही.

चौथ्या दिवशी न्यूयॉर्क! मैदानावर चार उभ्या आणि चार आडव्या रेघा मारा. नऊ चौकोन तयार होतील. रेघा हे रस्ते आणि चौकोन हे ब्लॉक. आडव्या रेघांना फर्स्ट स्ट्रीट, सेकंड स्ट्रीट आणि उभ्यांना फर्स्ट ॲव्हेन्यू, सेकंड ॲव्हेन्यू अशी नावे द्या. आता "गो टू ब्लॉक्स" म्हटल्यावर मूल रेघेवरून दोन चौकोनांच्या कडा चालेल आणि थांबेल. ब्लॉक त्याच्या पायांना कळेल. 'अपटाउन' आणि 'डाउनटाउन' हेही याच वेळी सांगा. मॅनहॅटनमध्ये अपटाउन म्हणजे उत्तरेकडे आणि डाउनटाउन म्हणजे दक्षिणेकडे. वरची आळी आणि खालची आळी असलेल्या गावातल्या मुलांना हे नवीन वाटणार नाही. अमेरिकेतल्या इतर पुष्कळ शहरांत मात्र डाउनटाउन म्हणजे शहराचा मधला, बाजारपेठेचा भाग, एवढे सांगून ठेवा.

पाचव्या दिवशी फोनचा खेळ. दोन मुले पाठीला पाठ लावून बसतील. एकाजवळ गावाचा नकाशा, दुसऱ्याजवळ कोरा कागद. पहिला सांगेल, दुसरा काढेल. हातवारे करायचे नाहीत. हातवारे बंद झाले की शब्द बाहेर पडू लागतात. गावातल्या ज्या गोष्टीला इंग्रजी शब्दच नाही, तिथे मुलांना वर्णन करू द्या. पार म्हणजे पिंपळाभोवतीचा दगडी ओटा. एवढे इंग्रजीत सांगता आले तर पार हा शब्द तसाच ठेवायलाही हरकत नाही.

आता एक नाजूक गोष्ट सांगितली पाहिजे. "व्हेअर डू यू लिव्ह?" हा प्रश्न आपल्याला साधा वाटतो. पण आपल्या पुष्कळ गावांत वस्तीचे नाव म्हणजे जातीचे नाव होते. वस्ती सांगितली की जात सांगितली जायची. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये अशी जातिवाचक नावे काढून समता नगर, भीम नगर, क्रांती नगर यांसारखी नावे देण्याचा निर्णय घेतला. पण पाटीवरचे नाव लवकर बदलते, जिभेवरचे नाव हळू बदलते. म्हणून एखादे मूल या प्रश्नाला उत्तर देताना घुटमळत असेल, तर त्याला इंग्रजी येत नाही असे लगेच समजू नका. वस्तीचे नाव विचारण्याऐवजी वाट विचारा. "शाळेतून तुझ्या घरी कसं यायचं?" नकाशाची सुरुवात वेशीपासून न करता शाळेपासून करा, म्हणजे सगळ्यांची वाट एकाच ठिकाणाहून निघेल. आणि चुन्याची रेघ गावकुसाशी थांबवू नका. मळ्यातले घर, ओढ्यापलीकडची वस्ती, ऊसतोड कामगारांच्या कोप्या, सगळे त्या मैदानावर आले पाहिजे. ज्याचे घर नकाशावर नाही, त्याने त्या नकाशाबद्दल काय म्हणून बोलावे?

कुणी म्हणेल, आता फोनवरच नकाशा असतो, मग वाट सांगायला शिकायचे कशाला? फोन रस्त्यापर्यंत आणून सोडतो हे खरे. पण रात्री-अपरात्री घरात कुणी अत्यवस्थ असते, १०८ ची गाडी फाट्यावर येऊन थांबलेली असते, आणि शेवटची दोनशे पावले माणसालाच सांगावी लागतात. तेव्हा "इकडं, असं, तिकडं" म्हणून भागत नाही. निघायचे ठिकाण, वळण, खूण आणि मोजणी, या क्रमाने जो सांगू शकतो त्याच्या दाराशी मदत लवकर पोचते. ही शिस्त इंग्रजीच्या तासाला लागली तरी ती मराठीतही कामाला येते.

ती आठवीतली मुलगी मी विसरलो नाही. तास संपायला पाच मिनिटे होती. गुरुजींनी फळ्यावर ओढ्याची एक वाकडी रेघ काढली, पलीकडे विहीर काढली आणि खडू तिच्या हाती दिला. तिने विहिरीजवळ एक छोटा चौकोन काढला आणि थांबत थांबत म्हणाली, "माय हाऊस इज अक्रॉस द स्ट्रीम. निअर द वेल." दोनच वाक्ये. पण ती ऐकून मला तिच्या घरी जाता आले असते.

शिक्षकमित्रहो, येत्या आठवड्यात मूठभर चुना घेऊन मैदानावर उतरून पाहा. आणि घरी असलेल्या श्रोत्यांनो, आज संध्याकाळी आपल्या मुलाला किंवा नातीला एवढेच विचारा, "कुणी परका आला, तर आपलं घर कसं सांगशील?" आधी मराठीत सांगू दे आणि मग इंग्रजीत.